दीर्घ व्याधींतील अक्षमता आणि तिची प्रश्नावली
(ज्ञातिसंस्थेच्या बीड येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या उपसमितीने जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या सभासद-कुटुंबीयांची पाहणी करण्याचे योजिले आहे आणि त्यासाठी ७२ प्रश्नांचा एक तक्ता छापून घेतला आहे. हा तक्ता काही घरांतून प्रयोगादाखल भरून आणण्यात आला. ते भरलेले कागद उपसमितीने माझ्या हाती दिले व त्यांवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, म्हणून मी येथे उभा आहे.

कागद पाहताना एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. पहिल्या दोन पानांवरील उत्तरे विचारपूर्वक दिलेली आहेत; कोठे खाडाखोड आहे, कोठे समासात दोन ओळी अधिक लिहिल्या आहेत. तिसऱ्या पानापासून मात्र एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणांची सरळ रांग लागलेली दिसते. ज्या वृद्ध मातेला पहिल्या पानावर अंथरुणातून उठताना दुसऱ्याचा हात लागतो, तिलाच चौथ्या पानावर जिना चढण्यास ‘काही अडचण नाही’! बाई खोटे बोलली असे नव्हे. ती थकली होती. आणि विचारणारा तरुण बहुधा तिच्याही आधी थकला होता.

यावरून मंडळात दोन पक्ष पडले आहेत, हे आपण जाणताच. एक पक्ष म्हणतो, प्रश्न १० ठेवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, एकही प्रश्न गाळू नका, कारण गाळलेल्या प्रश्नातच एखाद्या कुटुंबाचे दुःख असेल. दोन्ही पक्षांचा हेतू निर्मळ आहे. तथापि प्रश्नावली आखूड करणे हे धोतर कापण्याइतके सोपे काम नाही, आणि ते अशक्यही नाही. जगातील वैद्यांनी या उद्योगात पुष्कळ वर्षे घालविली आहेत. त्यांच्या अनुभवातून आपल्या उपयोगाचे काय आहे, तेवढेच मी आज सांगणार आहे. विषय कोरडा आहे. परंतु निधीतून कोणास मासिक साहाय्य मिळावे व कोणास नाही, हे याच कागदावरून ठरणार आहे, एवढे लक्षात ठेवून तो ऐकावा.

प्रथम हे पाहू की मोजावयाचे आहे ते काय. रोग निराळा आणि रोगामुळे येणारी अक्षमता निराळी. रक्ताच्या चाचणीत किंवा क्ष-किरणाच्या छायाचित्रात सारखेच दिसणारे दोन संधिवाताचे रोगी घ्या. एक शेतावर जाऊन येतो, दुसऱ्यास सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. हा भेद कोणत्याही यंत्रात उमटत नाही. तो रोग्याला विचारावाच लागतो. ही दृष्टी वैद्यकात उशिरा आली. १९६५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टरबाई व डोरोथिया बार्थेल या शरीरोपचारतज्ज्ञ बाई यांनी जुनाट रोग्यांसाठी दहा शीर्षकांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. जेवण, स्नान, पोशाख, चालणे, जिना अशा दहा गोष्टी. सर्व साधल्या तर १०० गुण. ती आजही पक्षाघाताच्या रोग्यांसाठी वापरात आहे. पुढे १९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. जेम्स फ्राइज यांनी संधिवातासाठी २० प्रश्नांची प्रश्नावली रचली. तिचे आठ गट आहेत: कपडे घालणे, उठणे, खाणे, चालणे, स्वच्छता, वरचे घेणे, मुठीत धरणे आणि इतर कामे. प्रत्येक प्रश्नास शून्य ते तीन गुण. आणि गटातील सर्वांत वाईट उत्तराचे गुण ते त्या गटाचे गुण. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवावा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, डॉ. थिओडोर पिंकस यांनी त्या २० प्रश्नांतून प्रत्येक गटाचा एक याप्रमाणे आठ प्रश्न निवडले. प्रश्नावली एका पानाच्या आत आली आणि गर्दीच्या दवाखान्यातही ती भरून घेणे शक्य झाले. मोठीच सोय झाली. परंतु कालांतराने दिसून आले की त्याच रोग्याला आखूड प्रश्नावलीत अक्षमतेचे गुण कमी पडतात. कारण उघड आहे. मूळ प्रश्नावलीत गटातील दोनतीन प्रश्नांपैकी एकाने जरी रोग्याची अडचण पकडली, तरी ती नोंदली जात असे. आता गटास एकच प्रश्न उरला, आणि तो त्या रोग्याच्या अडचणीचा नसला तर अडचणच नाही असे ठरले. पुष्कळ रोगी शून्याच्या आसपास गोळा होऊ लागले. ज्यांना थोडी परंतु खरी अडचण आहे त्यांच्यात व निरोगी माणसात भेद उरेना. पुढे पिंकस यांनीच चालण्याचे लांब अंतर, खेळ यांसारखे अवघड प्रश्न त्यात पुन्हा घातले. प्रश्न काढणे सोपे असते. काढल्यावर मोजपट्टीचा कोणता भाग पुसला गेला, हे मागाहून कळते.

आता कात्री कोठे चालवावी याविषयी. यासाठी सामान्यतः तीन मार्ग वापरतात. पहिला मार्ग सहसंबंधाचा: जे प्रश्न एकूण गुणांशी अधिक जुळतात ते ठेवावयाचे. दुसरा मार्ग गेऑर्ग राश या डॅनिश गणितज्ञाच्या १९६० च्या ग्रंथापासून रूढ झालेला. त्यात प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे गणिताने काढून, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे सोप्यापासून अवघडापर्यंत सम अंतरावर प्रश्न ठेवतात व एकाच पायरीवर गर्दी करणारे काढून टाकतात. तिसरा मार्ग आशयाचा: मूळ प्रश्नावली ज्या ज्या गोष्टी मोजण्यासाठी रचली, त्यांपैकी एकही पूर्णपणे वगळली जाऊ नये हे आधी पाहावयाचे आणि मग प्रत्येकीतून महत्त्वाचा प्रश्न घ्यावयाचा. हात, खांदा व बाहू यांच्या विकारांसाठी १९९६ मध्ये तयार झालेली ३० प्रश्नांची प्रश्नावली २००५ मध्ये ११ प्रश्नांवर आणली गेली, तेव्हा हे तिन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले. आणि निवड झाली ती आशयाच्या मार्गाची. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. पहिल्या मार्गात एक लबाडी दडलेली असते. ‘अंग पुसता येते का’ आणि ‘अंघोळ करता येते का’ यांची उत्तरे एकमेकांशी इतकी जुळतात की दोन्ही प्रश्न गुणवान ठरतात व दोन्ही टिकतात. आणि जो प्रश्न एकटाच निराळी गोष्ट सांगत असतो, तो कोणाशी जुळत नाही म्हणून बाहेर पडतो. सभेत एकसुरी बोलणारे दहा जण ठेवून वेगळे मत देणाऱ्या एकास घालवून द्यावे, तसाच हा प्रकार.

तद्वतच, ज्या प्रश्नास जवळजवळ सर्वच ‘अडचण नाही’ म्हणतात, तो निरुपयोगी समजून गाळण्याची घाई करू नये. ‘पाण्याचा पेला तोंडाशी नेता येतो का?’ हा असा प्रश्न आहे. शंभरांत दोनतीन घरी त्याला ‘नाही’ उत्तर येईल. परंतु आपला निधी ज्यांच्यासाठी आहे, ती हीच दोनतीन घरे असण्याचा संभव अधिक.

येथे थोडे गणित सांगतो. मातृवर्गाने कंटाळू नये. विसा प्रश्नांच्या चांगल्या प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.९० आहे असे समजा. १९१० मध्ये स्पिअरमन व ब्राउन यांनी स्वतंत्रपणे दिलेल्या सूत्राप्रमाणे, त्याच गुणाचे १० प्रश्न ठेवले तर ती ०.८२ वर येते आणि पाचच ठेवले तर ०.६९ वर. ऐकताना फरक लहान वाटतो. पण आता गुण १०० पैकी आहेत व माणसामाणसांतील पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १५ गुणांचा आहे असे धरा. मग २० प्रश्नांवर ४० गुण मिळालेल्या माणसाचे खरे गुण सामान्यतः ३१ ते ४९ यांच्या दरम्यान असतील. आणि पाच प्रश्नांवर तेच ४० गुण मिळाले, तर खरे गुण २४ पासून ५६ पर्यंत कोठेही असू शकतील. साहाय्याची रेषा ४० वर आखली, तर कोण आत आणि कोण बाहेर, हे पुष्कळ अंशी दैवावर सोडल्यासारखे होईल.

उलटपक्षी, ४०० माणसांची सरासरी काढावयाची असेल तर ही यादृच्छिक चूक २० ने भागली जाते व नगण्य होते. यावरून एक व्यवहार्य भेद निघतो. आपल्या समाजात गुडघेदुखीचे किती, दम्याचे किती, कोणत्या तालुक्यात अधिक, शिबिर कोठे भरवावे, हे ठरविण्यास आखूड प्रश्नावली पुरेशी आहे. अमुक गृहस्थास मासिक साहाय्य द्यावे की देऊ नये, हे केवळ तिच्यावरून ठरवू नये. मंडळातील दोन्ही पक्ष बरोबर आहेत ते या अर्थाने. ते दोन निराळ्या कामांविषयी बोलत आहेत.

या संबंधात सरकारी टक्केवारीचाही उल्लेख करावयास हवा, कारण पुष्कळांचा समज असा की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तरच माणूस अक्षम. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार दिले आहेत व बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. त्या यादीत कंपवात आहे, सिकलसेल आहे. पण दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार यांची नावे नाहीत. पायऱ्या चढताना ज्याचा श्वास कोंडतो, त्याच्यासाठी त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. आपल्या निधीची खरी जागा येथेच आहे. मनोविकारांसाठी मात्र भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २००२ मध्ये केलेली मोजपट्टी प्रमाणपत्रासाठी वापरली जाते, आणि तिची शीर्षके अवघी चार आहेत: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम; शिवाय आजार किती काळ आहे तेही धरतात. इतकी आखूड मोजपट्टी चालते, याचे कारण ती शिकलेला वैद्य रोग्याशी व त्याच्या घरच्यांशी बोलून भरतो. आपले स्वयंसेवक तसे करू शकणार नाहीत, म्हणून त्या चाराचे उदाहरण देऊन कोणी आपले दहा करू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे प्रश्न कोणाच्या जीवनातून घ्यावेत. फ्राइज यांच्या मूळ प्रश्नावलीत सुरीने मांस कापता येते का, दुधाचा नवा पुठ्ठ्याचा डबा उघडता येतो का, टबात स्नान करता येते का, असे प्रश्न आहेत. गेवराईच्या किंवा माजलगावच्या आजीला ते विचारले तर ती विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहील! दिल्लीतील संधिवाततज्ज्ञांनी २००२ मध्ये या प्रश्नावलीचे भारतीय रूप प्रसिद्ध केले. त्यात १२ प्रश्न आहेत. साडी, धोतर, पायजमा नेसता येतो का. शौचास उकिडवे किंवा जमिनीवर मांडी घालून बसता येते का. रिक्षात चढता-उतरता येते का. तीन किलोमीटर चालता येते का. भाजीबाजार करता येतो का. वीसांवरून बारांवर आले, तरी आपल्या लोकांसाठी हे बारा त्या विसांपेक्षा अधिक सांगतात. पंगतीत मांडी घालता येत नाही म्हणून लग्नकार्यास जाणे सोडलेली माणसे या सभागृहातील प्रत्येकाच्या घरी आहेत.

आपल्या जिल्ह्यापुरते यात आणखी काही घालावेसे वाटते. ज्वारीची भाकरी थापणे ही मनगट, तळवा व बोटे यांची एकाच वेळी घेतलेली परीक्षा आहे. संधिवाताचा हात पिठाच्या गोळ्यापाशी सर्वांआधी हरतो. कपडे पिळणे, भरलेली घागर उचलणे, एस. टी. ची पहिली उंच पायरी चढणे हेही तसेच प्रश्न. परंतु येथे एक खाच आहे. आपल्या तक्त्यात ‘भाकरी करता येते का?’ असा प्रश्न आहे आणि कित्येक पुरुषांनी त्यास ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. त्यांना ती निरोगी असतानाही येत नव्हती! अशा प्रश्नात रोगाऐवजी रूढी मोजली जाते. उलट बाजूने, सून आल्यापासून सासूबाई चुलीपाशी बसलेल्याच नाहीत. त्या करीत नाहीत, पण त्यांना जमते की नाही हे कोणासच ठाऊक नाही. ‘करता का’, ‘करता येते का’ आणि ‘करताना किती त्रास होतो’ हे तीन निराळे प्रश्न आहेत. स्टॅनफर्डच्या प्रश्नावलीत गेल्या आठवड्यात ‘करता येते का’ असे विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत गेल्या ३० दिवसांत ‘किती अडचण आली’ असे विचारतात. आपल्या तक्त्यात तिन्ही रूपे मिसळली आहेत. माझ्या मते ‘किती त्रास होतो’ हेच एक रूप सर्वत्र ठेवावे, भाकरीचा प्रश्न केवळ भाकरी करणाऱ्यांस विचारावा, आणि त्याच्या जोडीस पुरुषांसाठी हातांचा तितकाच अवघड दुसरा प्रश्न असावा.

कोरे सोडलेले प्रश्न हाही एक विचार करण्यासारखा विषय. आखूड करणाऱ्याची पहिली दृष्टी ज्या प्रश्नास पुष्कळांनी उत्तर दिले नाही त्यावर जाते. आपल्या तक्त्यात लघवीवरील ताब्याविषयीचा व ओटीपोटातील दुखण्याविषयीचा असे दोन प्रश्न स्त्रियांनी बहुधा कोरे ठेवले आहेत, आणि ते काढून टाकावेत अशी सूचना आली आहे. मी तिच्या स्पष्ट विरुद्ध आहे. २०१९ मध्ये याच जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, हे आपण विसरलेलो नाही. तो विषय पृष्ठभागावर येईपर्यंत वर्षानुवर्षे या भगिनींचे दुखणे असेच कोऱ्या रकान्यात पडून होते. उत्तर न येण्याचे कारण प्रश्नात नसून विचारणाऱ्यात आहे. एखादा पुतण्या समोर कागद घेऊन बसला असता कोणती बाई त्यास उत्तर देईल? हे दोन प्रश्न महिला शाखेच्या भगिनींनी एकांतात विचारावेत. दहा प्रश्न कमी करून वाचलेला वेळ असाच सत्कारणी लागावा.

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईचे आपण लोक. ज्या दासोपंतांनी कागद अपुरा पडला म्हणून की काय, लांबच लांब कापडावर पासोडी लिहून काढली, त्यांच्या जिल्ह्यात संक्षेपाचा उपदेश करणे धाडसाचेच. असो.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेची अक्षमतेची प्रश्नावली २०१० मध्ये पुस्तकरूपाने आली. तिची ३६ प्रश्नांची आवृत्ती तोंडी विचारण्यास सुमारे २० मिनिटे लागतात आणि १२ प्रश्नांचीस पाच. समजणे, हिंडणे-फिरणे, स्वतःची निगा, माणसांत मिसळणे, घरचे व बाहेरचे काम, समाजातील सहभाग अशी तिची सहा अंगे आहेत आणि त्या बारांत प्रत्येक अंगाचे दोन प्रश्न येतात. ३६ प्रश्नांनी माणसामाणसांतील जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ८१ टक्के या बारांत सापडतो. उरलेल्या १९ टक्क्यांसाठी एक तिसरी आवृत्तीही आहे: प्रथम बारा प्रश्न, आणि ज्या अंगात अडचण दिसेल त्याच अंगाचे पुढील प्रश्न. हा मार्ग आपणांस मानवेल. निरोगी माणूस पाच मिनिटांत मोकळा होईल आणि ज्याला खरोखर सांगावयाचे आहे त्याचे सावकाश ऐकून घेता येईल.

अशी टप्प्याटप्प्याची पाहणी खेड्यात होत नाही असे कोणी म्हणेल, तर पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवणचे उदाहरण आहे. तेथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखाली संधी व स्नायूंच्या विकारांची पाहणी सुरू केली. गावच्याच स्वयंसेवकांनी प्रथम घरोघर जाऊन दुखते का, कोठे दुखते एवढेच विचारले. ज्यांना दुखत होते त्यांनाच पुढची लांब प्रश्नावली. आणि शेवटी तज्ज्ञ डॉक्टरांची तपासणी. चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली आणि सुमारे १८ टक्क्यांना असा विकार आढळला. आपल्यालाही शेवटच्या टप्प्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. साहाय्याचा निर्णय दुसऱ्या टप्प्याचे गुण, वैद्याचे मत आणि उपसमितीच्या दोन सभासदांची घरभेट या तिन्हींवरून व्हावा. आणि ज्याचे गुण रेषेच्या दहा गुणांच्या आत येतील, त्याला एक महिन्याने पुन्हा विचारल्यावाचून ‘नाही’ म्हणू नये.

त्याप्रमाणे १२ मूळ प्रश्न, चार आपल्या जिल्ह्याचे व दोन महिला शाखेचे, असा १८ प्रश्नांचा पहिला तक्ता व त्यास जोडून पुढील प्रश्नांचा दुसरा तक्ता मी तयार करून चिटणिसांकडे दिला आहे. तो छापण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील तीसचाळीस घरांतून जुना व नवा असे दोन्ही तक्ते आठ दिवसांच्या अंतराने भरून घ्यावेत आणि कोणते नाव जुन्यात वर होते व नव्यात खाली गेले, ते एकेक करून पाहावे. नव्या तक्त्याने कोणाला वगळले, हे कळण्यास याहून खात्रीचा मार्ग नाही.

राहिला काळ. उपसमितीने पाहणी दिवाळीनंतर ठरविली आहे. त्या वेळी पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या बाजूंची आपली पुष्कळ कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या फडांवर गेलेली असतात. घरी सापडतात ते वृद्ध आणि लहान मुले. ज्यांच्या कमरा व गुडघे मोळ्या वाहून झिजले, नेमके तेच या पाहणीत येणार नाहीत, आणि कागदावर आपला समाज आहे त्यापेक्षा अधिक धडधाकट दिसेल. म्हणून पाहणी पोळ्यानंतर सुरू करून दसऱ्यापूर्वी पुरी करावी. यंदा ते शक्य नसेल, तर उन्हाळ्यात मंडळी परतल्यावर करावी. आणि त्या घरांसाठी ‘गेल्या ३० दिवसांत’ या शब्दांबरोबर ‘मागील तोडणीच्या हंगामात’ असा एक जादा रकाना ठेवावा. तसा रकाना मी नव्या तक्त्याच्या शेवटच्या पानावर आखला आहे.